पाटीवरचं नाव

माझ्या टेबलाच्या खणात लाल पुठ्ठ्याची एक वही होती आणि तिच्या शेवटच्या पानावर नावांची यादी होती. मुलींची एका रांगेत, बायकांची दुसऱ्या रांगेत. सगळी दोन-तीन अक्षरी, पुण्या-मुंबईच्या माणसाची जीभ अडखळणार नाही अशी. मी संस्थेत कहाण्या लिहायचे. ज्या लेकराची कहाणी, त्याचं खरं नाव छापायचं नाही, त्याची ओळख उघडी पडू नये, असा आमचा नियम होता. नियम चांगलाच होता, आजही मला तो चुकीचा वाटत नाही. मी यादीतलं एक नाव उचलायचे, यादीत त्यावर काट मारायचे आणि लेखाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘नाव बदलले आहे’ असं टाकायचे. ती ओळ कुणी वाचत नाही हे मला ठाऊक होतं.

ऑफिस नाशिकला, द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत, एका टायरच्या दुकानावर. दिवसभर खाली हवा भरायच्या मशीनची घरघर आणि चौकातले हॉर्न. संस्था ज्यांनी उभी केली त्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो. सरांचं म्हणणं असं की माणूस आकड्यांना पाझरत नाही. हजारो मुलं शाळेबाहेर आहेत म्हटलं की लोक मान हलवतात आणि चहा पितात, एकाच मुलीचं सांगितलं की चहा निवतो. मी त्यात तरबेज होते, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. मी देवळ्याची. श्रावणात आई देवापुढे बसून कहाण्या वाचायची आणि आम्ही हातात तांदूळ धरून ऐकायचो. त्या कहाण्यांत कुणाला नाव नसतं. राजा असतो, नावडती राणी असते, एखादी म्हातारी असते. मी एकदा आईला विचारलं होतं, नावडतीचं नाव काय? आई म्हणाली, नाव घेऊन काय करायचंय, तिचं भलं झालं ना? तेव्हा मला ते पटलं, आणि पुढे त्याच्यावरच माझं पोट चाललं.

ही गोष्ट जिची, ती सुरगाण्याच्या डोंगरातली नऊ वर्षांची मुलगी. मी तिला कधी पाहिलं नाही. मी त्या पाड्यावर गेले तेव्हा तिला जाऊन चार महिने झाले होते.

भात आणि नागली घरात आली की तो पाडा रिकामा व्हायचा. माणसं बिऱ्हाडं बांधून जीपने खाली दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांत कामाला जायची, ती होळीला परतायची. बरोबर पोरं जायची आणि पोरांची शाळा तिथेच संपायची. आम्हाला पाड्यावर एक हंगामी वसतिगृह काढायचं होतं. आईबाप खाली, पोरं इथेच, शाळा चालू, अशी साधी कल्पना. पण त्याला पैसे कोण देणार? सर मला म्हणाले, तिकडे एक मुलगी गेलीय म्हणतात, जाऊन ऐकून ये.

मुलीच्या आईने मला ओट्यावर बसवलं. ती मला ताई म्हणाली, मी तिला ताई म्हटलं, वयाने आम्ही सारख्याच असू. बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये मुलीला ताप भरला. दोन दिवस अंगावर काढला, तिसऱ्या दिवशी जीप मिळाली आणि जीपमध्येच ती गेली. हे सगळं तिने न रडता सांगितलं. मुलगी बागेत द्राक्षांचे घोस मोजायची आणि शंभराच्या पुढे गेलं की परत एकपासून सुरू करायची, हे सांगताना मात्र तिला रडू आलं. सबंध दुपारभर ती ‘माझी पोर’ म्हणत राहिली, नाव एकदाही घेतलं नाही. मी निघताना शेवटी विचारलं, तर ती उठून आत गेली.

नाव मला पाड्यावरच्या दाईने सांगितलं. म्हातारी माझ्याबरोबर जीपपर्यंत चालत आली. तिने सांगितलं की आमच्याकडे पोटचं लेकरू गेलं तर आईने त्याचं नाव तोंडात आणायचं नसतं. आईने हाक मारली तर त्याचा जीव पुढे जात नाही, आईभोवतीच घुटमळतो. बाकीच्यांनी घ्यायचं आणि आईने ऐकायचं. हे नाव मुलीच्या आजीचं होतं. ही जन्मली तेव्हा रडं थांबेना. मग त्यांच्या रीतीप्रमाणे घरातली आणि शेजारची माणसं एकेक करून गेलेल्या माणसांची नावं तिच्या कानात सांगत गेली. आजीच्या नावाला पोर गप्प झाली. म्हणजे नाव तिनेच निवडलं, असं म्हातारी म्हणाली. मी ते सगळं वहीत उतरवून घेतलं.

आणि लिहिताना गाळलं. कहाणीत ते बसत नव्हतं. शहरात वाचणाऱ्याला वाटलं असतं, अंधश्रद्धा आहे, म्हणूनच पोर मेली. शंभराच्या पुढे न जाणारी मोजणी मात्र मी घेतली, शेवटाला घेतली, आणि ती कुठे ठेवायची ते मला नेमकं कळत होतं. मुलीला यादीतलं एक गोड नाव दिलं. आईचा अंगठा आमच्या छापील संमतीपत्रावर होताच, आणि नाव बदललं जाईल असं त्यात लिहिलेलं होतं. ते मी तिला वाचून दाखवलं नव्हतं. जीप सुटत होती.

ती कहाणी चालली. असं म्हणायला मला आज लाज वाटते, पण ऑफिसात आम्ही हाच शब्द वापरायचो. कुठल्या कुठल्या लोकांनी ती एकमेकांना पाठवली. कॉलेजातली मुलं पाड्यावर राहायला तयार झाली, शाळेच्या मास्तरांनी आपण होऊन मुक्कामाची जबाबदारी घेतली आणि त्याच वर्षी वसतिगृह सुरू झालं. पुढच्या दिवाळीनंतर पाड्यावरून जीप गेल्या त्यांत एकही शाळेचं पोर नव्हतं. हे खरं आहे आणि ते त्या कहाणीने झालं, हे मी कुणालाही सांगेन. मला कहाणीचा राग नाही. राग आलाय तो मला माझा.

वसतिगृहाला आजारी मुलांसाठी एक वेगळी खोली हवी होती. ती नाशिकच्या एका वयस्कर जोडप्याने बांधून दिली. त्यांची एकुलती मुलगी लहानपणीच तापाने गेलेली. आजोबा ऑफिसात आले तेव्हा कहाणीचा कागद घडी करून खिशात आणला होता, घडीवर कागद फाटायला आलेला. त्यांनी खोली त्या मुलीच्या नावाने बांधायची इच्छा सांगितली. सरांनी हो म्हटलं. मीही तिथेच बसले होते. आम्हा दोघांच्याही मनात आलं नाही की त्यांना ठाऊक असलेलं नाव माझ्या वहीतलं आहे. खोटं बोलायचं आमच्या मनात नव्हतं. इतक्या वेळा लिहून आणि सांगून आम्ही दोघेही त्या मुलीला त्याच नावाने ओळखत होतो. काळ्या दगडाची पाटी नाशिकहून कोरून गेली. तिच्यावर ‘कुमारी’, मग ते गोड नाव, मग ‘हिच्या स्मरणार्थ’.

उद्घाटनाला सगळा पाडा आला. आईने निळं नवं लुगडं नेसलं होतं. तिला वाचता येत नव्हतं. आजोबा-आजी फीत कापून आत गेले तशी ती पाटीपाशी गेली, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि वसतिगृहातल्या तिसरीतल्या एका मुलीला पुढे ओढलं. त्या मुलीने मोठ्याने, शाळेत वाचतात तसं, एकेक शब्द तोडून वाचलं. आई म्हणाली, नीट वाच. मुलीने पुन्हा तेच वाचलं. आई माझ्याकडे वळून ओशाळं हसली आणि म्हणाली की पोरीला अजून नीट वाचता येत नाय.

मुलीला नीट वाचता येत होतं. आमच्याच वसतिगृहात शिकली होती.

मी आईला बाजूला नेलं आणि समजावलं. नियम, ओळख, मुलांची सुरक्षितता. हे सगळं मी चांगलं समजावते. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“कुनापासून लपवायचा?” ती म्हणाली. “मेली ना ती.”

मग ती जे बोलली ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण ती तुटक तुटक बोलत होती. तिला वाटलं होतं, दगडावर नाव आलं की येणारं-जाणारं प्रत्येक माणूस ते वाचेल. पोरं मोठ्याने वाचतील. तिला स्वतःला ते घेता येत नाही, पण दिवसातून दहादा कानावर पडेल. म्हणूनच तिने वसतिगृहात भाकरी करायचं काम धरलं होतं. बागेत मजुरी जास्त मिळाली असती, तरी ती खाली गेली नव्हती. पाटी बदलून देते असं मी तिला तिथल्या तिथे सांगून टाकलं.

नाशिकला आल्यावर मी सरांकडे गेले. सर वाईट माणूस नव्हेत. त्यांनी डोकं धरलं. मग म्हणाले की आजोबांना कोणत्या तोंडाने सांगायचं? ते घरी देवापाशी दिवा लावताना आपल्या मुलीबरोबर हिचंही नाव घेतात. त्यांना सांगायचं की तुम्ही घेता ते नाव कुणाचंच नाही? थोडं थांबू, म्हातारा माणूस आहे. मी थांबले. पहिल्या वर्षी मला त्याचा त्रास झाला. दुसऱ्या वर्षी कामं वाढली. आजोबा दर हिवाळ्यात पाड्यावर जाऊन त्या पाटीसमोर उभे राहायचे आणि डोळे पुसायचे, आणि आई स्वयंपाकघराच्या दारातून ते पाहायची, असं मास्तर मला सांगायचे. मुलंसुद्धा आता आजारी खोलीला त्या नावाची खोली म्हणायची. नाशिकहून येणारे पाहुणे आईला त्याच नावाची आई म्हणून हाक मारायचे आणि ती ओ द्यायची.

मी पाड्यावर जायचं टाळू लागले. काम असलं की दुसऱ्या कुणाला पाठवायचे. माझ्या आईची एक म्हण होती, झाकली मूठ सव्वा लाखाची. माझ्या मुठीत काय होतं ते मला ठाऊक होतं.

यंदा जानेवारीत मास्तरांचा फोन आला. पाड्यावरच्या त्या आईच्या थोरल्या मुलीला मुलगी झाली होती. बाळाचं रडं थांबत नव्हतं आणि रविवारी नावं सांगायची होती. आईचा निरोप होता की ताईंनी यावं. पाटीचं राहू द्या म्हणावं, दगड आहे, नाय बदलत. पण बाळाच्या कानात माझ्या पोरीचं नाव ताईंनी घ्यावं. त्यांनीच तिचं सगळ्यांना सांगितलंय. बाळाने धरलं तर नाव घरात परत येईल.

फोन ठेवला आणि मी खुर्चीत बसून रडले. इतकी साधी माफी मला कुणी देऊ केली नव्हती. मला एक शब्द उच्चारायचा होता, बस.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी गंगापूर रोडला एका हॉलमध्ये आमचा कार्यक्रम होता. मी तीच कहाणी सांगितली. दुसऱ्या तालुक्यात वसतिगृह काढायचं होतं आणि याहून चांगली कहाणी माझ्याकडे नव्हती. ताप, जीप, मोजलेले घोस. लोक नेहमीच्या जागी गप्प झाले, नेहमीच्या जागी रुमाल निघाले. नाव मी चार-पाचदा घेतलं असेल, गोड आवाजात.

रविवारी सकाळच्या बसने सुरगाण्याला आणि तिथून जीपने वर गेले. झोपडीत दहा-बारा माणसं बसली होती, काही त्या दिवसापुरती बागांतून वर आलेली. मध्ये सुपात बाळ, रडून लाल झालेलं. दाई आता फार थकली होती, तिला भिंतीला टेकवून बसवलं होतं. प्रत्येकाची एक पाळी आणि प्रत्येकाचं एक नाव. वाकायचं, बाळाच्या उजव्या कानात सगळ्यांना ऐकू जाईल असं नाव घ्यायचं आणि बाजूला व्हायचं. पाळी गेली की गेली. बाळ ज्या नावाला थांबेल तिथे सगळं थांबतं. आजोळच्या एका म्हाताऱ्याने घेतलं, एका काकूने घेतलं, बाळ रडतच होतं. आई माझ्या समोर बसली होती. तिने डोळे मिटून घेतले होते. ऐकायला ती किती वर्षं थांबली होती ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी वाकले. बाळाला दुधाचा आणि धुराचा वास येत होता. मी नाव घेतलं, स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

काय झालं ते माझ्या लक्षात आलं नाही. बाळ रडतच होतं. आईने डोळे उघडले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पाटीवरच्या त्या नावाला ती ओ द्यायची, पण गेलेल्या माणसांत ते कुणाचं, हे तिला खरोखरच कळलं नव्हतं.

“ताई,” तिने विचारलं, “ती कोन?”

मी तोंड उघडलं. खरं नाव घ्यायला उघडलं होतं, आणि ते तिथे नव्हतं. जिभेवर नव्हतं, डोक्यात नव्हतं. दाईने एकदाच, जीपपाशी सांगितलेलं ते नाव. मी दुसरं नाव किती वेळा लिहिलं आणि बोलले होते त्याला गणती नाही. मी तशीच वाकून राहिले. कुणीतरी मला दंडाला धरून हलकेच मागे घेतलं, कारण पुढच्या माणसाची पाळी होती. पुढची बाळाच्या बापाकडची एक चुलती होती. तिने आपल्या सासूचं नाव घेतलं आणि बाळ उचकी देऊन थांबलं.

सगळी हसली. ढोलावर कुणीतरी थाप मारली. चुलती रडायलाच लागली, सासूचं नाव घरात आलं म्हणून. थोरल्या मुलीने बाळ उचलून छातीशी घेतलं. आईही उठली, लुगडं झटकलं आणि चुलीकडे गेली. पाहुण्यांना जेवायला घालायचं होतं.

तिने मलाही वाढलं. नागलीची भाकरी, उडदाचं पिठलं, वर मिरचीचा ठेचा. मी जेवू शकले नाही असं लिहिलं तर बरं दिसेल, पण मी जेवले, कारण ती समोर उभी राहून पुन्हा पुन्हा वाढत होती. मी तिची माफी मागितली. चुलतीने मुद्दाम थोडंच केलं, असं ती म्हणाली. मी चुलतीबद्दल बोलत नव्हते हे तिला कळत होतं.

निघताना मी दाईपाशी बसून ते नाव पुन्हा विचारलं. म्हातारीने सांगितलं. तीनच अक्षरं होती. मी पर्समधून वही काढली तशी मागून आई आली आणि तिने माझ्या हातावर हात ठेवला.

“लिवू नका ताई,” ती म्हणाली. “तुम्ही लिवला का तो बदलतो. नुसता घ्या.”

मग तिथेच, तिच्यासमोर, मी ते घेतलं. तिने डोळे मिटले. मला म्हणाली, अजून एकदा. मी घेतलं. जीपवाला हॉर्न देत होता, आणि मी ते नाव घेत होते, आणि ती ऐकत होती.

पाटी अजून तिथेच आहे. गेल्या महिन्यात मी आजोबांच्या घरी जाऊन त्यांना सगळं सांगितलं, सरांना न विचारता. त्यांनी मला खरं नाव विचारलं आणि मी सांगितलं. पाटीचं काय करायचं ते त्यांचं अजून ठरलेलं नाही. लाल वही मी खणातून काढून टाकली, पण कहाण्या अजून मीच लिहिते, दुसरं काही मला येत नाही. आता लिहिताना मी नावाची जागा मोकळी सोडते. सर म्हणतात, अशाने वाचणाऱ्याला धरायला काही राहत नाही. असेल तसं.

तिने सांगितलं म्हणून ते नाव इथेही लिहिलेलं नाही. रोज सकाळी द्वारकेला रिक्षातून उतरून ऑफिसचा जिना चढताना मी ते एकदा मोठ्याने घेते. खालच्या टायरवाल्याला वाटतं, मी फोनवर कुणाला तरी हाक मारतेय.